आई, यंदा माझी चटणी वेगळी कूट

पुणे, रविवार, दुपारचे अडीच

ती. आई आणि ती. बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, आम्ही सगळे खुशाल आहोत. रोज रात्री साडेआठला फोन होतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणणारच. पण फोनवर तू स्पीकर लावतेस, पोटाचा विषय निघाला की बाबा ‘गेटला कुलूप घालून येतो’ म्हणून उठतात आणि माझं बोलणं निम्म्यावर राहतं. कुलूप घालायला वीस मिनिटं लागत नाहीत, बाबा. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. आई, चष्मा देवघराच्या फळीवर असेल, तिथेच बघ.

आधी चटणीचं. परवा तू म्हणालीस की मिरच्या आणल्यात, देठं काढायला बसलीय, यंदा तुला तीन किलो करते. आई, यंदा मला कांदा-लसणाची चटणी पाठवू नकोस. मी ठरवलंय. रागावलीस तरी चालेल, पण आधी पुढचं वाच.

मागच्या वर्षीची बरणी अजून अर्धी शिल्लक आहे, असं मी तुला सांगत आले. ती माझ्याकडे नाही. पोळ्यांच्या मावशींना दिली. त्याच्या आधीची अमोलच्या ऑफिसात वाटली. तुला ‘झक्कास झालीय’ सांगायचे तेव्हा मी ती चमचाभरसुद्धा खाल्लेली नसायची. दोन वर्षं खोटं बोलले. त्या चटणीत काय काय असतं ते मला माहीत नाही का? रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, गच्चीवर वाळवलेला कांदा तेलात काळपट होईस्तोवर तळायचा, लसूण सोलून सोलून तुझ्या नखांची आठवडाभर आग व्हायची, आणि शेवटी डंकावर आपला नंबर लागेपर्यंत तोंडाला पदर बांधून शिंकत बसायचं. आता तर तुझा गुडघाही दुखतो. एवढं करून पाठवलेली बरणी मी लोकांना देऊन टाकते, हे सांगायला जीभच रेटत नव्हती.

आणि मला दिवाळी आठवते. भाऊबीजेला तू अख्खा मसूर केलास आणि मी दोन घास खाऊन वाटी बाजूला सारली. तू तेव्हा काही बोलली नाहीस. रात्री भांडी आवरताना पाठमोरी म्हणालीस, ‘आता आमच्या हातचं चालत नाही तुला.’ मी तिथे तोंड उघडलं असतं तर रडले असते, म्हणून चिनूला झोपवायच्या निमित्ताने आत गेले. आई, ते दोन घाससुद्धा मी मोजून खाल्ले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघायचं होतं, आणि कराड ते पुणे रस्त्यात बरा संडास कुठे कुठे आहे, हे मला तोंडपाठ आहे. बाबांनाही आहे. त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

दीड वर्षापूर्वी मी तपासण्या करून घेतल्या. तेव्हा सांगितलं नाही, कारण बाबांच्या मोतीबिंदूचं चाललं होतं. रक्त, थायरॉइड, शौचाची तपासणी, गव्हाने आतड्याला इजा होते तो सीलिॲक आजार आहे का याची रक्ताची चाचणी, सगळं व्यवस्थित निघालं. डॉक्टरांनी विचारलं, गेले तीन महिने आठवड्यातून एकदा तरी पोट दुखतं का? शौचाला जाऊन आल्यावर दुखणं कमी-जास्त होतं का? सुरुवात होऊन सहा महिने झाले का? मला हसूच आलं. सहा महिने कसले, दहावीपासून! मग त्यांनी नाव सांगितलं, इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आयबीएस. आतडं दिसायला धडधाकट, स्वभावाने चिडकं. जखम नाही, सूज नाही, आणि याचं पुढे काही वाईट होत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. तुम्हीही हे वाक्य दोनदा वाचा.

आता यात तुझ्या हाताचा काय दोष नाही ते सांगते. कांदा, लसूण, गहू यांत फ्रुक्टन म्हणून साखरेच्या जातीतली एक गोष्ट असते. ती फोडणारा पाचकरस माणसाच्या पोटात नसतोच, माझ्या नाही आणि तुझ्याही नाही. ती तशीच मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू तिला आंबवतात आणि वायू होतो. इडलीचं पीठ रात्रीतून वर येतं ना, तसं. तुझ्या पोटात हे होतं आणि तुला कळतही नाही. माझ्या आतड्याला तेवढ्याच वायूची कळ लागते. कडधान्यांत अशीच वेगळी एक साखर असते, दुधातली आणखी वेगळी, फ्लॉवर-मशरूममधली तिसरीच. या सगळ्यांना मिळून फॉडमॅप म्हणतात. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली हे नाव पुढे आणलं, आणि कुठल्या पदार्थात हे किती असतं ते वाटी-चमच्याच्या हिशेबाने मोजून ठेवलं.

मला मात्र पहिला धागा मेलबर्नहून मिळाला नाही, एकादशीने दिला. महिन्यातून दोन दिवस माझं पोट शहाण्यासारखं वागायचं, आणि ते दोन्ही दिवस उपासाचे निघाले. साबुदाणा, वरीचे तांदूळ, बटाटा, दाण्याची आमटी. आहारतज्ज्ञ बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, या ताटात कांदा नाही, लसूण नाही, गहू नाही, डाळ नाही, मग बिघडणार कशाने? तेव्हा मला आजी आठवली. चातुर्मासात चार महिने ती कांदा-लसणाला शिवायची नाही आणि म्हणायची, ‘या दिवसांत पोट कसं हलकं असतं.’ आम्ही तिला हसायचो. आणि बाबा, तुमची कांदेनवमी आठवते? कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, भरला कांदा, उद्यापासून बंद म्हणून आज सगळं! मग आषाढीच्या पहाटे आजी पूजेला बसायची आणि तुम्ही मागच्या दाराकडे पळायचात.

त्या बाईंच्या सांगण्यावरून मी चार आठवडे हे सगळे पदार्थ बंद केले. मग एकेक परत आणला. तीन दिवस एकच पदार्थ, पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी जास्त, तिसऱ्या दिवशी नेहमीइतका, आणि वहीत नोंद. चिनूच्या जुन्या चित्रकलेच्या वहीत लिहायचे, त्यामुळे ‘गहू, दिवस दुसरा, दुपारी गुडगुड’ याच्या शेजारी एक हत्ती आहे. त्यातून निघालं ते असं. एक पोळी चालते, तीन चालत नाहीत. चहातलं दूध चालतं, पेलाभर नाही. दही चालतं, चक्का तर छानच. मोड आलेले मूग अर्धी वाटी सोसतात, छोले आणि राजमा मुळीच नाहीत. फ्लॉवरला नमस्कार. हापूसच्या दोन फोडी चालतात. बाबा, तुम्ही पाठवता ती अख्खी पेटी अमोल आणि चिनू संपवतात, तेव्हा पाठवायची थांबवू नका! कांदा मात्र कुठल्याही रूपात नको, आणि लसूण त्याहून नको. तुझी चटणी म्हणजे ही दोघं एका बरणीत, म्हणून नाही म्हणते.

म्हणजे मी उपाशी राहते असं समजू नकोस. तुझा पहिला प्रश्न तोच असणार. सकाळी तांदळाची उकड किंवा बिनकांद्याचे पोहे. हो, बिनकांद्याचे! बटाटा, मोहरी, हिंग, वरून खोबरं. अमोल पहिल्या दिवशी म्हणाला, ‘हे पोहे विधवा झाल्यासारखे दिसतात.’ आता गपचूप दोनदा घेतो. दुपारी डब्यात ज्वारीची भाकरी. ज्वारी माझ्या पोटाला अशी मानवते की काय सांगू, तेव्हा आपल्या शेतातलं पीठ तेवढं पाठवत जा. भेंडी, वांगं, दुधी, गाजर, पालक हे सगळं खाते. वरणाची डाळ आधी भिजवून ते पाणी टाकून देते आणि वाटीऐवजी पळीभर घेते. लसणाचा वास हवाच वाटला तर एक युक्ती आहे, तुला आवडेल. फोडणीच्या तेलात ठेचलेल्या दोन पाकळ्या तांबूस होऊ द्यायच्या आणि काढून अमोलच्या ताटात टाकायच्या. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही, त्यामुळे वास माझा आणि त्रास कुणालाच नाही. आमटीत अख्खी पाकळी शिजवून काढली तर मात्र उपयोग नाही, तिथे पाणी असतं. असं तेल दर वेळी ताजं करायचं, बाटलीत भरून ठेवायचं नाही, ते धोक्याचं असतं. कांद्याच्या पातीचा हिरवा शेंडा चालतो, खालचा पांढरा नाही. पिठलंसुद्धा करते, थोडं खाते. तिखट एकूणच कमी केलंय, कारण जास्त झालं की सकाळी पस्तावते.

आणि जेवणाइतकंच वेळेचं आहे. उपाशीपोटी चहा बंद, उभ्याउभ्या जेवणं बंद. ज्या आठवड्यात ऑफिसात ताण असतो त्या आठवड्यात दहीभातही चुकीचा ठरतो, हेही वहीत दिसलं. पोटाचं आणि डोक्याचं बोलणं सतत चालू असतं म्हणे.

आई, दहावीचा गणिताचा पेपर आठवतो का? मी सकाळपासून तीनदा जाऊन आले आणि तू म्हणालीस, ‘नाटकं करू नकोस, अभ्यास झाला नाही म्हणून पोट दुखतंय.’ हे मी उकरून काढत नाहीये. तू तरी काय करणार होतीस? कुणाला ठाऊक होतं? शिवाय भीती होतीच की, तेवढं तुझं बरोबर होतं. त्याच रात्री तू ओवा भाजून फडक्यात बांधून माझ्या पोटावर धरलास, बेंबीभोवती हिंगाचं पाणी चोळलंस आणि मी झोपेपर्यंत हात काढला नाहीस. अजूनही कळ आली की मी उशी पोटाशी धरते आणि मला त्या ओव्याचा वास येतो. बाबांनी तेव्हा काही न बोलता माझ्या डब्यात मऊ दहीभात भरला आणि शाळेच्या फाटकाशी कानात म्हणाले, ‘माझंपण असंच होतं. पहिल्या बाकावरचा नंबर असेल तर सरांना आधीच सांगून ठेव.’ बाबा, आख्ख्या घरात तुम्ही एकट्याने ओळखलं होतं.

म्हणून आता तुमच्याशी बोलते. ‘बाबांचं पोट’ हा आपल्या घरातला विनोदच होता. एसटी सातारा स्टँडात थांबली की तुम्ही उतरायचात, कंडक्टर घंटी मारायचा आणि मी खिडकीतून ‘थांबा, माझे बाबा यायचेत’ म्हणून ओरडायची. खंबाटकी येईपर्यंत तुम्ही माझ्याशी गप्पा मारल्या नाहीत की मला कळायचं, आज बरं नाही. तीन दिवस काही नाही आणि चौथ्या दिवशी तीनदा, हे तीस वर्षं तसंच आहे. तेही बहुधा माझ्यासारखंच असेल, किंवा माझं तुमच्यासारखं म्हणूया.

पण गेल्या महिन्यात आई बोलता बोलता म्हणाली की तुमच्या पट्ट्याला तुम्ही खिळ्याने दोन नवी भोकं पाडलीत. आणि आता रात्री झोपेतून उठून जावं लागतं. ही दोन्ही जुन्या दुखण्याची लक्षणं नाहीत, बाबा. माझं पोट दिवसभर कितीही छळू दे, रात्री मला झोपू देतं. डॉक्टरांना मी तुमचं नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, साठीनंतर पोटाची सवय बदलली, वजन उतरलं, तर आयबीएसचं लेबल लावून गप्प बसायचं नाही, आधी तपासायचं. घाबरू नका. साधं कारणही असू शकतं. साखरेची तुमची ती गोळी, मेटफॉर्मिन, तिनेही पोट सैल होतं. आणि तुम्ही दुकानातून आणता ते शुगर-फ्री पेढे, त्यांत साखरेऐवजी माल्टिटॉल, सॉर्बिटॉल असलं काही घातलेलं असेल तर त्यानेही पळापळ होते. पण गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. पेढे मात्र आजच्या आज बंद! कपाटात वरच्या खणात लपवलेत तेही. आईला मी आत्ताच सांगितलं, या ओळीत.

१४ तारखेला, मंगळवारी, सकाळी अकराची वेळ घेतलीय. विचारलं नाही, घेतलीय. विचारलं असतं तर तुम्ही ‘पाडव्यानंतर बघू’ म्हणाला असतात. अमोल रविवारी गाडी घेऊन येईल. एसटी नाही, गाडी, म्हणजे तुम्ही म्हणाल तिथे थांबता येईल, आणि त्यालाही थांबायची कारणं विचारायची सवय नाही. खालची खोली तुमच्यासाठी लावून ठेवलीय, संडास लागूनच आहे, कमोडला धरायला दांडीही बसवून घेतली. सकाळी गरम पाणी सहालाच येतं. पेपरवाल्याला ‘पुढारी’ टाकायला सांगितलंय. आई, तुझ्या बाळकृष्णाला कोपऱ्यात चौरंग आहे, आणि तुझी साडेसातची मालिका इथेही साडेसातलाच लागते. आधी डॉक्टर बघतील, रक्त आणि शौच तपासतील, मग गरज वाटली तर आतड्याची दुर्बिणीने तपासणी. तिच्यात दुखत नाही, गुंगी देतात. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध घ्यावं लागतं. त्यात तर बाबांचा तीस वर्षांचा सराव आहे.

तोवर काय करायचं ते नीट वाच, आई. माझं हे सगळं वाचून उद्यापासून बाबांचा कांदा, पोळी, वरण बंद करू नकोस. तू करशील, मी तुला ओळखते. गव्हाची ती रक्ताची चाचणी पोळी चालू असतानाच खरं सांगते, बंद केली तर आजार असूनही निकाल ‘आजार नाही’ असा येऊ शकतो. आणि वजन उतरत असताना ताटातलं काही कमी करायचं नसतं. त्यांना जे आवडतं ते खाऊ दे. माझी वही माझ्या पोटाची आहे, ती त्यांना लागू नाही.

बाबा, ते सोनामुखीचं चूर्ण थांबवा. बद्धकोष्ठ झालं तर इसबगोल घ्या, एक चमचा, पेलाभर पाण्यातून, वर आणखी अर्धा पेला पाणी. तुमच्या बाकीच्या गोळ्यांच्या दोन तास मागे-पुढे. कोरडा तोंडात टाकायचा नाही, घशात अडकतो. कोंड्याची बिस्किटं नकोत, त्यांनी मला तरी आणखी फुगायला झालं. आणि एक कागद घेऊन रोज लिहून ठेवा, कितीदा गेलात, रात्री किती वाजता उठलात, वजन किती. रक्त किंवा डांबरासारखं काळं दिसलं तर १४ तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन. लाजू नका. तुम्ही माझे लंगोट धुतलेत, असं आजीच सांगायची.

मी फार हुकूम सोडतेय का? सोडते. तुम्ही दोघं माझ्या शाळेच्या रिक्षावाल्याला जेवढं दटावायचात त्यापेक्षा कमीच आहे.

आता चटणीचं राहिलं. मिरच्या आणल्याच आहेस, तर एक कर. आजीचा तो चातुर्मासाचा पितळी डबा आठवतो? त्यातला मसाला ती वेगळा कुटून आणायची. मिरची, धने, तीळ, सुकं खोबरं, हळकुंड, हिंग, खडा मसाला. कांदा नाही, लसूण नाही. तो मला कर, अर्धा किलो, जास्त नको, आणि तिखटाला संकेश्वरी निम्मी घाल. डंकावर आपला घाणा सगळ्यात आधी घ्यायला सांग, म्हणजे दुसऱ्याचा लसूण त्यात येणार नाही. डबा कराडला माळ्यावर असेल, तू चढू नकोस, शेजारच्या पोराला चढव. तो १४च्या आधी गाडीत घालून घेऊन या. पहिल्या दिवशी त्यातल्याच मसाल्याची वांग्याची भाजी तू इथे कर, मी तुझ्यासमोर दोन भाकऱ्या खाऊन दाखवते.

चिनूने खाली पतंग काढलाय, तो आजोबांसाठी आहे.

तुमची,
छकुली

ता. क. बाबा, येताना तोच पट्टा घाला. नवा घेऊन येऊ नका. मला भोकं बघायचीत.